बँकॉकच्या सोन्यावरचा ९६.५ चा शिक्का : आपल्याकडे किती कॅरेट धरायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. माझी धाकटी नणंद बरीच वर्षं बँकॉकला नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा आमच्या लेकीसाठी सोन्याची साखळी घेऊन आली. साखळी सुरेख आहे, पण रंग आपल्या सोन्यापेक्षा जास्तच पिवळा, हळदीत बुडवून काढल्यासारखा. अडकवायच्या आकड्याजवळच्या चपट्या पट्टीवर बारीक ९६.५, शेजारी थाई अक्षरं आणि एक चिनी वाटणारं चिन्ह. सोबतच्या कार्डावर वजन '१ बाट'.

लेकीला ती फार लांब होते, म्हणून मोडून बांगड्या कराव्यात असं मनात होतं. नेहमीच्या सराफांकडे (पुण्यातले, नाव राहू दे) नेली. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "यावर बीआयएसचा त्रिकोण नाही, एचयूआयडी नाही. बाहेरचा माल. वीस कॅरेट धरतो, शिवाय आटवताना तूट निघेल ती वेगळी." (म्हणजे आपल्या भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क नाही आणि नगावरचा ओळख-नंबरही नाही.) नणंद म्हणते हे तेवीस कॅरेटच्या वर आहे.

तर जाणकारांना विचारायचंय:
हा ९६.५ चा शिक्का कोण मारतं? सरकार की दुकानदार?
आपल्याकडे त्याला हॉलमार्क मिळू शकतो का?
आणि चांदीचं काय? तिनेच दिलेल्या, उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईच्या कानातल्यांवर ९२५ आहे, पण एका मण्यांच्या माळेवर काहीच नाही. ती माळ चांदीची आहे हे कशावरून?

मध्यमवर्गीय
नणंदेनं भावजयीच्या लेकीला सोनं दिलं? आधी त्या नणंदेचं हॉलमार्किंग करून घ्या, अशी शुद्धता हल्ली मिळत नाही.

झेंडू
वाचनखूण साठवली. आम्ही फेब्रुवारीत जातोय, मलाही हेच विचारायचं होतं.

सिलोमवासी
रानजाई, बँकॉकला राहतो आणि खड्यांच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. (सिलोम आणि महेसाक रस्त्यावर जयपूर-सुरतच्या व्यापाऱ्यांची इतकी गर्दी आहे की दुपारी चहाच्या टपरीवर हिंदी-गुजरातीच ऐकू येते. असो.)

थायलंडमध्ये दागिन्याच्या सोन्याचं प्रमाण ९६.५ टक्के. आपल्या हिशेबात २३.१६ कॅरेट. उरलेले साडेतीन टक्के चांदी आणि तांबं. तिथल्या सोने व्यापारी संघटनेनं आणि बाजारानं पाळलेलं हे प्रमाण आहे आणि साधा थाई माणूस सोनं म्हणतो ते हेच. १८ कॅरेटचे खड्यांचे दागिने मॉलमध्ये मिळतात, पण तो 'दागिना' झाला, 'सोनं' नव्हे. महिनाअखेर गहाण टाकायला जे उपयोगी पडतं ते ९६.५ वालं.

वजन 'बाट'मध्ये. चलनही बाट आणि वजनही बाट, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. दागिन्याचा १ बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम. सोन्याच्या बिस्किटाचा १ बाट म्हणजे १५.२४४ ग्रॅम. बाटाचे चार सालुंग, म्हणजे एक सालुंग ३.७९ ग्रॅम. लहान मुलांना अर्धा सालुंग नाहीतर एक सालुंगाची अंगठी-साखळी द्यायची पद्धत आहे. लग्नात मुलाकडचे मुलीच्या घरी जे 'सिनसोत' देतात त्यात सोनं किती बाट हे पाहुण्यांसमोर तबकात मांडून दाखवतात.

आता शिक्का. तो दुकानदाराचा किंवा दागिना घडवणाऱ्या कारखान्याचा. तुमच्या साखळीवरचं चिनी चिन्ह म्हणजे पेढीची खूण, कारण यावरातचे, म्हणजे बँकॉकच्या चायनाटाउनचे, बहुतेक सोनेवाले मूळचे तेओच्यू (दक्षिण चीनकडचे) चिनी. सरकारी सक्तीचं हॉलमार्किंग तिथे नाही.

तिरकस
म्हणजे शिक्का दुकानदारच मारणार, शुद्धतेची हमी तोच देणार आणि तुम्ही आम्हाला सांगणार की बिनधास्त घ्या. वा! आमच्या गल्लीतला वाणीही स्वतःच्याच तुपावर 'शुद्ध' लिहितो.

सिलोमवासी
तिरकस, बिनधास्त घ्या असं मी कुठं म्हटलं? पण यावरातला एकदा जाऊन बघा. लाल-सोनेरी दुकानं ओळीनं, आत लाल मखमलीवर साखळ्या टांगलेल्या आणि काउंटरच्या मागे फलक. त्यावर चार आकडे: बिस्किटाचा खरेदी-विक्रीचा भाव आणि दागिन्याचा खरेदी-विक्रीचा भाव. भाव संघटना ठरवते, दिवसातून अनेकदा बदलते आणि सगळ्या दुकानांत तोच असतो. त्यावर दुकानदार लावतो ती फक्त घडणावळ, तिला तिकडे 'काम्नेत' म्हणतात. ती नगावर असते, टक्क्यात नाही. साधी साखळी असेल तर काही शे ते हजार-दीड हजार बाट. आपल्याकडे सोन्याच्या किमतीवर बारा-पंधरा टक्के घडणावळ लावतात, ती ऐकून माझ्या ऑफिसमधली थाई मुलगी हसायची थांबेना.

आणि विकायला गेलात की ज्या दुकानाचा शिक्का तेच दुकान फलकावरच्या खरेदीच्या भावानं परत घेतं. दुसऱ्या दुकानात गेलात तर थोडं कापतात. शिक्क्याची किंमत या परत घेण्यात आहे. ज्या पेढीचा माल कमी निघाला तिचा शिक्का शेजारचा दुकानदार ओळखतो आणि गहाणवाला तर आधी ओळखतो.

सरकार अगदीच गप्प बसलंय असंही नाही. ग्राहक संरक्षण कार्यालयाच्या नियमाप्रमाणे सोन्याच्या दागिन्याबरोबर शुद्धता आणि वजन लिहिलेलं लेबल द्यावं लागतं. शंका असेल तर सिलोमला आयटीएफ टॉवरमध्ये जीआयटी ही रत्न-आभूषण संस्था आहे, ती धातूही तपासून देते. हॉलमार्कची सोयही आहे, पण ऐच्छिक.

गुंजभर
आमची कोल्हापूरला गुजरीत पेढी आहे, म्हणून सराफांची बाजूही मांडतो. शिव्या खायची तयारी ठेवूनच.

रानजाईताई, तुमचे सराफ वीस कॅरेट म्हणाले ते चूकच. पण ते तसं का म्हणाले हे सांगतो. आमच्यासमोर गिऱ्हाइकानं ठेवलेल्या परदेशी डागावर जे कोरलंय ते आम्हाला वाचता येत नाही आणि वाचता आलं तरी त्या पेढीला आम्ही ओळखत नाही. बँकॉकच्या शिक्क्याची पत बँकॉकात. इथे तो नुसता ओरखडा. मग सराफ घाबरून खालचा आकडा बोलतो. घाबरणं समजू शकतो, पण मशीन असताना अंदाजानं बोलणं नाही.

तुमच्याच साखळीचा हिशेब मांडू. १५.१६ ग्रॅम गुणिले ०.९६५ म्हणजे चोख सोनं साधारण १४.६३ ग्रॅम. वीस कॅरेट धरलं तर १२.६३. बसल्या जागी दोन ग्रॅम चोख सोनं गेलं, वर तूट. उलट बाजूनं बघा, २२ कॅरेटच्या भाषेत तुमची साखळी जवळजवळ १६ ग्रॅमची होते. म्हणजे वजनापेक्षा जास्त २२ कॅरेट तुम्हाला मिळायला हवं.

कसोटीच्या दगडावर कस लावला तर २२ आणि २३ मधला फरक सरावलेल्या डोळ्याला दिसतो, पण त्यावर पैशाचा व्यवहार करू नये. दुकानातलं एक्सआरएफ मशीन, ज्याला आम्ही कॅरेटमीटर म्हणतो, ते फक्त वरचा थर वाचतं. मुलामा असेल, गाभा वेगळा असेल तर फसवतं. खरा निकाल मुशीतच. नमुना खरवडून, शिशाबरोबर तापवून तांबं वगैरे काढून टाकतात, चांदी आम्लात विरघळवतात आणि शेवटी उरलेलं सोनं तोलतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, मिळू शकतो, पण ९६५ म्हणून नाही. बीआयएसच्या यादीत सोन्याच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत: ५८५, ७५०, ८३३, ९१६, ९५८, ९९५ वगैरे. ९६५ त्यात नाही. खालची जवळची पायरी ९५८, म्हणजे २३ कॅरेट. आणि इथेच गंमत आहे. ९६.५ आणि ९५.८ यांच्यात जेमतेम ०.७ चं अंतर. साखळी म्हटली की कडीकडीला डाख (सांधा जोडायचं झाळण) असतो आणि डाखाचं सोनं हलकं. पूर्ण साखळी आटवली आणि लगडीचा कस ९५.५ आला, तर ९५८ हुकलं आणि थेट ९१६ वर आलात. सोनं तेवढंच राहतं, पण शिक्का एक पायरी खाली.

बोरमाळ
गुंजभर, मस्त माहिती. डाखाचं हे माहीत नव्हतं. पोकळ साखळीत डाख जास्त लागतो का?

गुंजभर
लागतो. थाई साखळ्या भरीव आणि पोकळ दोन्ही असतात. पोकळ दिसायला जाड, हाताला हलकी. एकदा चेपली की नीट होत नाही. रानजाईताईंची साखळी यातली कुठली ते न बघता सांगता येणार नाही. पोकळ असेल तर मोडणंच बरं.

लंडनकर आजोबा
इकडे इंग्लंडमध्येही हेच. १ ग्रॅमपेक्षा जास्त सोनं आणि ७.७८ ग्रॅमपेक्षा जास्त चांदी, सोनं-चांदी म्हणून विकायची असेल तर अॅसे ऑफिसचा (धातूचा कस तपासणाऱ्या कचेरीचा) शिक्का सक्तीचा. इथेही पायऱ्या आहेत: ३७५, ५८५, ७५०, ९१६, ९९०, ९९९. ९५८ नाहीच. म्हणजे थाई ९६५ वर इथे ९१६ चा शिक्का बसेल! आमच्या सौ.नी यावरातहून आणलेल्या पाटल्या इथल्या सोनाराला दाखवल्या तेव्हा त्यानं "बावीस" म्हटलं आणि घरी चहा मिळेपर्यंत मला ऐकावं लागलं.

तिरकस
आजोबा, तुमच्या पोस्टीनं माझंच म्हणणं पक्कं केलं. तीन देश, तीन शिक्के आणि सोनं एकच. मग सक्तीच्या हॉलमार्कचा उपयोग काय?

गुंजभर
तिरकस, आधी तुम्हाला सरकारी शिक्का हवा होता, आता नको?

उपयोग आहे. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली ऐच्छिक म्हणून सुरू झालं. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्तीचं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असल्याशिवाय विकता येत नाही. त्याआधी '९१६' ठोकून ८७-८८ चा माल विकणारे आमच्याच धंद्यात होते, हे मी नाकारत नाही. थाई लोकांना तेच काम भावफलक आणि परत घेण्याच्या रीतीनं साधलं. पण ती रीत त्यांच्या गल्लीपुरती. साखळी सुवर्णभूमी विमानतळ ओलांडून आली की तिच्यामागे उभं राहायला कुणी नाही.

खडीसाखर
'नाइन वॉटर गोल्ड' का कायसं वाचलं होतं, ते काय?

सिलोमवासी
जुनी प्रतवारी. सयाममध्ये पूर्वी सोन्याची प्रत भावावरून सांगायचे. एक बाट वजनाला चार बाट पडणारं ते चौथ्या प्रतीचं, सहा पडणारं सहाव्या, आणि सर्वांत वरचं नवाचं, लालसर पिवळं. चौथ्या राम राजाच्या, म्हणजे राजा मोंकुतच्या काळातली ही प्रतवारी प्रसिद्ध आहे. प्रचुआप खिरी खानजवळच्या बांग सफानचं नैसर्गिक सोनं त्या वरच्या प्रतीचं मानतात. अजूनही 'नवाचं सोनं' असं लोक कौतुकानं म्हणतात, आपल्या बावनकशीसारखं.

रंगाबद्दल रानजाईंनी लिहिलं ते बरोबर आहे. आपल्या २२ कॅरेटमध्ये साडेआठ टक्के मिसळ, तिकडे साडेतीन. त्यामुळे जास्त पिवळं आणि जास्त मऊ. रोजच्या वापरातली अंगठी लवकर झिजते.

कोकणी काजू
अवांतर: यावरातला सोनं बघायला कोण जातं, तिथे संध्याकाळी रस्त्यावर जे खायला मिळतं त्यासाठी जायचं. आणि शाकाहारी असाल तर पाच मिनिटांवर पाहुरात आहे, छोले-पराठे, जिलबी सगळं.

झेंडू
काजू, सोन्याच्या धाग्यावर जिलबी पाडलीत शेवटी.

मुलुंडकर
सोन्यापेक्षा जास्त सावध राहायचं ते खड्यांच्या बाबतीत. टुकटुकवाला सांगतो, राजवाडा आज बंद आहे, आज सरकारी निर्यात सवलतीचा शेवटचा दिवस. मग एका बुद्धमंदिरात नेतो, तिथे 'योगायोगानं' एक सभ्य गृहस्थ भेटतात, तेही म्हणतात मी आत्ताच घेतलं, घरी जाऊन दुप्पट किंमत येईल. शेवटी दुकान. माझ्या मेव्हण्याच्या मित्राला याच साखळीतून नीलमणी विकले होते. दगड खरे होते पण किंमत भलतीच. राजवाडा बंद असेल तर तो दारावरच कळतो, टुकटुकमध्ये नव्हे.

हुपरीकर
चांदीवर कुणी बोलेना म्हणून आलो. आमचं गाव चांदीचं, पैंजण, जोडवी, करगोटे, सगळं. आमच्याकडे शुद्धतेला टंच म्हणतात. ९२ टंच, ७० टंच वगैरे. पैंजणाला हलका टंच चालतो, फार चोख चांदी रोज घासून टिकत नाही.

थाई माल हातात घेतलाय. यंत्रावरचा ९२५ चांगला असतो, फिनिशिंगला तोड नाही. जगातली एक मोठी डॅनिश कंपनी, पँडोरा, तिचे दागिने थायलंडातच बनतात, बँकॉक आणि लाम्फून इथे. त्यावर 'एस ९२५ एएलई' असतं. एस म्हणजे चांदी, ९२५ प्रमाण आणि एएलई ही कंपनीची खूण, संस्थापकाच्या वडिलांच्या नावाची आद्याक्षरं. पण ही खूण नकली मालावरही सुबक कोरलेली सापडते, त्यामुळे शिक्का बघून डोळे झाकायचे नाहीत.

आणि भारतात ऑनलाइन 'थाई सिल्व्हर' म्हणून जे काळपट झुमके तीनशे रुपयांत विकतात ते बहुतेक पितळेवर मुलामा नाहीतर जर्मन सिल्व्हर. त्यात ना थाई काही, ना सिल्व्हर. लोहचुंबक लावून काही कळत नाही, पितळही चिकटत नाही.

उत्तरा
रानजाई, तुझ्या बिनशिक्क्याच्या माळेबद्दल. ती पहाडी जमातींच्या चांदीची असणार, केरेन लोकांची. चिआंग माईला शनिवारच्या बाजारात वुआलाई रस्त्यावर ढिगानं मिळते. ते मणी हातानं ठोकलेले, त्यावर नक्षी थोडी वाकडीतिकडी, ९५ ते ९८ टक्के चांदी असं विकणारे सांगतात. एकेका मण्यावर शिक्का मारायला जागाच नसते. मऊ असतात, नखानं नाही पण चिमट्यानं सहज दबतात. ९२५ च्या तुलनेत रंग किंचित पांढरा आणि मंद.

त्याच रस्त्यावर वाट श्री सुफान आहे, चांदीचं मंदिर. बाहेरून आतून चकाकतं, पण ती सगळी चांदी नाही हो. बरंचसं काम अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ठोकून केलंय, चांदी मोजक्या ठिकाणी. ठोकायची कला मात्र अस्सल, कारागीर अंगणातच बसून शिकवतात. वुआलाईवर भिंतीवर टांगायचे मोठाले नक्षीकाम घेताना विचारून घ्या, तेही पुष्कळदा अॅल्युमिनियमच असतं, आणि चांगला दुकानदार आपणहून सांगतो.

मंदिराच्या मुख्य गाभाऱ्यात बायकांना प्रवेश नाही. मी बाहेर बसून नवऱ्याच्या मोबाइलवरचे फोटो बघितले.

रानजाई
उत्तरा, मंदिराचं वाचून चिडचिड झाली. पण माळ अगदी तशीच आहे, वाकड्या नक्षीची!

बोरमाळ
मंदिरप्रवेशावर नवा धागा काढा बायांनो, इथे नको, तीनशे प्रतिसाद होतील.

जुनी पेटी
पहाडी चांदीवरून एक सांगते. ब्रिटिशांच्या काळात सागवानाचा धंदा बर्मा आणि उत्तर सयाममध्ये चालायचा तेव्हा आपले चांदीचे रुपये, व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचे, तिकडे सर्रास चालायचे. पहाडी लोकांनी ते आटवून दागिने केले आणि अखा बायकांच्या टोपीवर तर नाणी तशीच शिवलेली दिसतात. आता टंचाचं सांगायचं तर त्या रुपयाची चांदी ९१.७ टक्के, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. तेव्हा जुन्या पहाडी दागिन्यात ९१-९२ निघाला तर दुकानदारानं फसवलं असंच समजू नये, रुपये वितळले असतील.

आमच्याकडे आजोबांचे एक जोडी कफलिंक आहेत. काळ्या जमिनीवर चांदीची नाचणारी आकृती, मागे 'सियाम स्टर्लिंग'. कुणी सांगेल का?

सिलोमवासी
हे 'ख्रुआंग थोम', मीनाकारीसारखं दिसतं पण मीना नव्हे. चांदी, तांबं आणि शिसं गंधकाबरोबर वितळवून काळं मिश्रण करतात, ते कोरलेल्या खोलगटात भरून भाजतात, मग घासून सपाट करतात. दक्षिणेतलं नाखोन सी थम्मारात हे त्याचं घर. आकृतीच्या हातात चकाकता गोळा असेल तर ती मेखला, विजेची देवी, आणि परशू घेतलेला असेल तर तिच्यामागे लागलेला रामासूर. परशू आदळतो तो गडगडाट, गोळा चमकतो ती वीज.

'सियाम' लिहिलंय म्हणून ते १९३९ च्या आधीचं, असं कुणी सांगितलं तर मानू नका. देशाचं नाव १९३९ साली बदललं, पण हा शिक्का त्यानंतरही बराच काळ निर्यातीच्या मालावर मारत राहिले. स्टर्लिंग म्हणजे ९२५, पण तो कारागिराचा दावा, कुठल्या कचेरीचा नव्हे. रोडियम वगैरेचा मुलामा चढवून चकचकीत करू नका, काळ्या भागाची वाट लागेल.

जुनी पेटी
गोळाच आहे! आजोबा आम्हाला नर्तकी म्हणून सांगायचे.

शिवडी टर्मिनल
सोनं आणण्याचा एक व्यावहारिक मुद्दा सगळे विसरले. एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परत येणाऱ्यालाच दागिन्यांची सवलत आहे, पुरुषाला २० ग्रॅम, बाईला ४०. रानजाईंची नणंद त्यात बसते. झेंडूताई, तुम्ही सात दिवस फिरून येणार असाल तर तुम्हाला ती नाही, घ्याल ते जाहीर करून शुल्क भरायचं. "गळ्यात घातलं की विचारत नाहीत" असं सांगणारे काका प्रत्येक विमानात एक असतात.

हुपरीकर
आणि व्यापाऱ्यांसाठी तर आणखी वेगळं. थायलंडशी असलेल्या करारातल्या सवलतीचा आधार घेऊन साध्या चांदीच्या दागिन्यांची आयात इतकी वाढली की २०२५ च्या सप्टेंबरात सरकारला बंधन घालावं लागलं. आमच्या गावातल्या कारागिरांनी तेव्हा जरा श्वास घेतला. थाई माल चांगला नाही असं नाही, पण शुल्क चुकवून आलेल्या मालाशी हातानं घडवणारा कसा पुरा पडणार?

तिरकस
हुपरीकर, हे बाकी पटलं. पहिल्यांदाच.

झेंडू
मग सारांश काय, घेऊ की नको? एक सालुंगाची अंगठी तरी?

मध्यमवर्गीय
झेंडू, तुम्ही आधीच ठरवलंय. आम्ही फक्त साक्षीदार.

सिलोमवासी
घ्या, हौस म्हणून. कार्ड आणि पावती जपा, दोन्हीवर पेढीचं नाव असतं आणि परत विकताना तेच मागतात. घडणावळ आधी विचारा, ती फलकावर नसते. सवड असेल तर मांगकोन रस्त्यावरच्या तांग तो कांग या जुन्या पेढीत जा, दारावर राजाश्रयाचा गरुड आहे आणि वर सोनारकामाच्या जुन्या हत्यारांचं छोटं संग्रहालय. सुखोथाईकडे गेलात तर सी सत्चनालाईचं सोनं बघा. ते ९९.९९ चं, बारीक तारेचं गोफासारखं विणलेलं, वर मीना. घडणावळ दणदणीत. तिथे तुम्ही सोनं नाही, काम विकत घेता.

रानजाई
सगळ्यांचे आभार. एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. सराफांकडे परत गेले होते. ९६५, १५.१६ हे आकडे कागदावर लिहून नेले, तेव्हा म्हणाले, "तुम्ही मशीन लावा म्हणत असाल तर लावतो." लावलं. ९६.४ दाखवलं. तरी म्हणतात आटवल्यावर बघू, आता २२ धरतो. गुंजभर, काय करू?

गुंजभर
ताई, तिथे आटवू देऊ नका. सोनं एकदा त्यांच्या मुशीत गेलं की तुमचा हात रिकामा.

बीआयएसच्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात थेट जा, पुण्यात आहेत. सामान्य ग्राहकाचा बिनहॉलमार्कचा दागिना ते तपासून देतात, चार नगांपर्यंत दोनशे रुपये आणि कर. रिपोर्ट मिळतो, तो घेऊन कुठल्याही सराफाकडे बसा आणि चोख सोन्याच्या वजनावर बोला, कॅरेटवर नाही. म्हणजे १४.६३ ग्रॅमच्या आसपास चोख, त्यातून तूट किती धरता आणि बांगड्यांची घडणावळ किती, एवढे दोनच प्रश्न. बांगड्या ९१६ मध्ये घडवल्या की एचयूआयडी त्यांच्यावर येईल, साखळीवर आणायची गरज नाही. तो नंबर बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा.

बोरमाळ
पण मोडताच का? नणंदेनं दिलेली आहे. साखळी लांब होते तर दोनपदरी करून घाला, नाहीतर लेक मोठी होईपर्यंत ठेवा. ९६.५ चं सोनं २२ मध्ये मिसळायचं म्हणजे चांगल्या तुपात वनस्पती ओतल्यासारखं.

गुंजभर
बोरमाळ, सोन्याला तसं होत नाही. चोख जेवढं आहे तेवढंच बांगडीत उतरतं, तांबं-चांदी तेवढी वाढते आणि बांगडी जास्त टिकते. मोडायचं की ठेवायचं हा त्यांच्या घरचा प्रश्न. पण इथे मोडायचं नसेल तर नणंदेला सांगा, पुढच्या खेपेला परत घेऊन जा आणि त्याच दुकानात फलकाच्या भावानं बदलून आण. तिथे ना रिपोर्ट लागणार ना वाद.

रानजाई
हे डोक्यातच आलं नव्हतं. तिला आत्ताच मेसेज टाकला. ती म्हणते कार्ड तुमच्याकडेच आहे ना, ते पाठवा आधी.

मध्यमवर्गीय
कार्ड आहे ना हो ताई?

रानजाई
आहे. लेकीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये.